दुष्काळानं आई-बाप नेले, रमाबाईंनी केडगावात हजारो लेकींना घर दिलं!

केडगाव (ता. दौंड) : पुणे-दौंड रेल्वेनं जाताना केडगाव स्टेशन लागतं. इथलं मुक्ती मिशन तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते उभं करणाऱ्या पंडिता रमाबाईंनी स्वतः दुष्काळात काय काय सोसलं होतं, हे नव्या पिढीला फारसं माहीत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलात. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बाईमाणसाला संस्कृत शिकवतात म्हणून लोकांनी त्यांना नावं ठेवली, तरी त्यांनी आधी बायकोला आणि मग लेकीला शिकवलं. पुराणं सांगत हे कुटुंब पायी तीर्थयात्रा करायचं. १८७४ च्या सुमारास दुष्काळात उपासमार झाली आणि काही महिन्यांत वडील, आई आणि थोरली बहीण गेली. रमाबाई तेव्हा अवघ्या सोळा वर्षांच्या होत्या. मागे उरले त्या आणि भाऊ श्रीनिवास.

१८७८ मध्ये बहीण-भाऊ कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पण १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय लग्न केलं. १८८१ मध्ये लेक झाली, मनोरमा. १८८२ मध्ये पटकीनं नवराही गेला. पदरात तान्ही पोर आणि वय तेवीस!

लेकीला घेऊन त्या पुण्यात आल्या आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडला गेल्या. तिथे सप्टेंबर १८८३ मध्ये मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. यावरून महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. परत येऊन १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि पुढे ते पुण्याला हलवलं. १८९३ मध्ये सदनात धर्मांतराची शिकवण होते, असा आरोप झाला. केसरीनं कडक टीका केली, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं आणि अनेकांनी आपल्या मुली काढून नेल्या. रमाबाई मात्र प्रार्थना लपवून करायला तयार नव्हत्या.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. त्यात आपल्याच घराची कथा रमाबाईंना पुन्हा दिसली. केडगावची जमीन त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती. नुसती प्रार्थना करून त्या बसल्या नाहीत, थेट दुष्काळी भागात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती, म्हणून या पोरींना केडगावच्या शेतावर आणलं. काही पोरी इतक्या खंगल्या होत्या की वाचल्या नाहीत. ज्या वाचल्या, त्यांच्यातूनच मुक्ती सदन उभं राहिलं.

१९०० च्या दुष्काळात गुजरात-राजपुतान्यातून आणखी मुली आल्या. आकडा दोन हजारांच्या घरात गेला. एवढ्या तोंडांना रोज जेवण, पाणी, कपडा आणि औषध पुरवायचं, हे काय सोपं काम नव्हतं. खर्च देणग्यांवर चालायचा. मुली विणकाम, शेती, छपाई असली कामं शिकायच्या आणि प्रार्थनेला बसायच्या. १९०५ मध्ये तर प्रार्थनेसाठी शेकडो जणी रोज जमू लागल्या. कालपर्यंत ज्या स्वतः उपाशी होत्या, त्या आता दुसऱ्यांसाठी देवाकडे मागत होत्या.

या सगळ्यात मनोरमाच्या वाट्याला आई थोडीच आली. लहानपणी आई अमेरिकेत व्याख्यानं देत फिरत असताना ती काही काळ इंग्लंडमध्ये सिस्टरांकडे राहिली. मोठेपणी परदेशात शिकून ती केडगावला परतली, आईचा उजवा हात झाली आणि अंध मुलींना ब्रेल शिकवू लागली. रमाबाई आपल्या मागे काम तिच्यावरच सोपवणार होत्या. पण जुलै १९२१ मध्ये, चाळीसाव्या वर्षी, मनोरमा आईच्या आधीच गेली.

रमाबाई त्या वेळी बायबलच्या मराठी भाषांतरात गुंतल्या होत्या. खेड्यातल्या साध्या बाईलाही कळावं, अशी भाषा त्यांना हवी होती. लेकीच्या दुःखातही त्यांनी ते काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच त्यांनी डोळे मिटले.

आज शंभर वर्षं उलटून गेली. दुष्काळ आपल्या तालुक्यांना नवा नाही. त्यांचा धर्म पटो वा न पटो, पण दुष्काळात कुणाची पोर रस्त्यावर उरली, तर तिला घरी आणायचं असतं, हे रमाबाईंनी याच मातीत करून दाखवलं.