'जे'वाले स्टाइनमेट्झसाहेब

मशीन्सच्या पेपरला फेझर काढताना आपण ज्यांना मनातल्या मनात शिव्या घालतो, ते गृहस्थ म्हणजे चार्ल्स स्टाइनमेट्झ. जन्म १८६५, ब्रेस्लाऊ. जन्मजात कुबड, उंची जेमतेम चार फूट.

समाजवादी चळवळीमुळे १८८८ मध्ये डॉक्टरेट हातात यायच्या आतच देश सोडावा लागला. १८८९ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरातून अधिकारी त्यांना परतच पाठवणार होते. अपंग, वर इंग्रजी येत नाही! सोबतच्या मित्राने हमी घेतली म्हणून निभावलं.

तीनच वर्षांत त्यांनी हिस्टेरिसिस लॉसचा नियम मांडला. १८९३ मध्ये एसी सर्किट्सची गणितं कॉम्प्लेक्स नंबर्सनी सोपी करून दाखवली.

पण ही युक्ती स्टेडी स्टेटपुरतीच. कन्व्हर्टरवर चालणाऱ्या इंडक्शन मोटरवर अचानक लोड आला, की करंट आणि फ्लक्स सावरायला वेळ घेतात. तिथे साधा फेझर पुरत नाही. ट्रान्झियंट्सचं महत्त्व त्यांनाही ठाऊक होतं. १९०९ मध्ये त्यांनी त्यावर वेगळा ग्रंथच लिहिला.

१९२३ मध्ये ते गेले. बंदरातूनच परत गेले असते, तर पेपर सोपा झाला असता असं वाटतं ना? छे! प्रत्येक गणिताला डिफरन्शियल इक्वेशन सोडवत बसलो असतो.