डोळ्यातली वीज पाहणारे शास्त्रज्ञ : यान पुर्किन्ये



गणेशगुडीच्या मुलांना वीज कशी तयार होते हे वेगळे सांगावे लागत नाही. काळी नदीवरचे सुपा धरण आणि त्याच्या पायथ्याचे वीजघर आपल्या दाराशीच आहे. पण वीज आपल्या डोळ्यांतही आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? ही ओळ वाचताना तुमच्या डोळ्याकडून मेंदूकडे जो निरोप जात आहे, तोही विजेचाच आहे. डोळ्याला बाहेरून अगदी सौम्य वीज दिली तर काळोखातही प्रकाश दिसतो. या प्रकाशाचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या एका थोर माणसाची ओळख या अंकात आम्ही करून देत आहोत. त्यांचे नाव यान पुर्किन्ये. आपल्या पाठ्यपुस्तकांत हेच नाव 'पुरकिंजे' असे छापलेले आढळते.

पुर्किन्ये यांचा जन्म डिसेंबर 1787 मध्ये बोहेमियातील लिबोखोवित्से या गावी झाला. हा प्रदेश आज चेक प्रजासत्ताकात आहे. त्या काळी तेथे ऑस्ट्रियाच्या राजघराण्याचे राज्य होते. घरात चेक भाषा बोलली जाई, पण कचेरीत, विद्यापीठात आणि मोठ्या लोकांत जर्मन भाषेचा मान होता. वडील एका जहागिरीवर कारभारी होते. यान लहान असतानाच ते वारले आणि घरची परिस्थिती बेताची झाली. मुलाचा गळा चांगला होता. दहा वर्षांच्या सुमारास त्याला मिकुलोव येथील धर्मसंघाच्या शाळेत गाणाऱ्या मुलांत जागा मिळाली आणि शिक्षणाची सोय झाली. पुढे याच संघात राहून त्यांनी शिक्षकाचे काम केले. परंतु मनाला शास्त्राची ओढ लागली होती. 1807 मध्ये संन्यासाची शेवटची शपथ घेण्याआधीच त्यांनी संघ सोडला आणि ते प्राग शहरी आले. श्रीमंतांच्या मुलांना शिकवून पोट भरत त्यांनी आधी तत्त्वज्ञानाचा आणि मग वैद्यकाचा अभ्यास केला. 1818 मध्ये ते डॉक्टर झाले, तेव्हा त्यांनी तिशी ओलांडली होती.

त्यांच्यापाशी ना प्रयोगशाळा होती, ना महागडी उपकरणे. मग प्रयोग कशावर करायचे? त्यांनी स्वतःचेच डोळे प्रयोगाला घेतले. मिटलेल्या डोळ्यांवर दाब पडला की कोणती नक्षी दिसते, मेणबत्ती डोळ्याच्या बाजूला हलवली की आपल्याच पडद्यावरील रक्तवाहिन्यांची सावली झाडाच्या फांद्यांसारखी कशी उमटते, हे सारे त्यांनी पाहिले, कागदावर रेखाटले आणि त्यावरच प्रबंध लिहिला. तो 1819 मध्ये छापून निघाला.

याच अभ्यासात विजेचे प्रयोगही होते. 1755 मध्ये फ्रान्समधील शार्ल ल रॉय या डॉक्टरांनी एका अंध रुग्णाला विजेचे झटके देऊन पाहिले होते. दृष्टी काही परत आली नाही, पण रुग्णाला प्रकाशाचे लोळ दिसले. 1800 मध्ये इटलीच्या व्होल्टा यांनी विजेची पहिली बॅटरी जगापुढे ठेवली आणि शास्त्रज्ञांच्या हाती सतत वाहणारी वीज आली. पुर्किन्ये यांनी अशा बॅटरीचा सौम्य प्रवाह स्वतःच्या डोळ्यांना दिला आणि काय दिसते ते क्रमाने नोंदवले. प्रवाह सुरू करताना आणि तोडताना लख्खकन चमक दिसे. मध्यंतरी फिकट आकृत्या दिसत, त्यात जांभळट आणि पिवळसर छटा असत. विजेच्या तारा उलट जोडल्या की उजळ भाग काळवंडे आणि रंगांची अदलाबदल होई. अर्थ असा की, डोळ्यामागचा पडदा विजेला नुसता दचकत नव्हता, तर प्रवाह कोणत्या दिशेने येतो हेही त्याला कळत होते.

असे का व्हावे? या पडद्याला दृष्टिपटल म्हणतात. तो कागदासारखा पातळ असला तरी त्यात पेशींचे थर असतात. एका थरातील पेशी प्रकाश टिपतात आणि त्याचे रूपांतर विजेच्या सूक्ष्म बदलात करतात. पुढच्या पेशी तो निरोप घेतात आणि दृष्टीच्या मज्जातंतूवाटे मेंदूकडे धाडतात. बाहेरून वीज दिली तर याच पेशी जाग्या होतात. मेंदूला बिचाऱ्याला निरोप कोणी दिला हे समजत नाही. डोळ्याकडून आलेला प्रत्येक निरोप तो प्रकाश म्हणूनच वाचतो.

बालमित्रांनो, येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. डोळ्याला बॅटरी, तार किंवा चार्जर कधीही लावायचा नाही. डोळे जोराने चोळायचे किंवा दाबायचेही नाहीत. पुर्किन्ये यांनी स्वतःवर केलेले काही प्रयोग फार धोक्याचे होते. विषारी औषधे घेऊनही त्यांनी दृष्टीवरचे परिणाम पाहिले. त्यांची जिज्ञासा घ्या, तो धोका घेऊ नका.

त्यांचा एक प्रयोग मात्र तुम्ही आजच करू शकता. अंगणातले जास्वंदीचे लाल फूल आणि गोकर्णाचे निळे फूल शेजारी शेजारी ठेवा. दुपारी लाल फूल अधिक उठून दिसेल. दिवेलागणीला दिवा न लावता पुन्हा पाहा. लाल फूल काळपट झालेले असेल आणि निळे त्याच्यापेक्षा उजळ वाटेल. भर उजेडात आणि अंधूक उजेडात डोळ्यातील वेगवेगळ्या पेशी काम करतात, म्हणून असे होते. 1825 मध्ये पुर्किन्ये यांनी याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि आजही जग ते त्यांच्याच नावाने ओळखते.

1823 मध्ये त्यांना ब्रेस्लाऊ येथे प्राध्यापकाची जागा मिळाली. ते शहर आज पोलंडमध्ये आहे व व्रोत्सवाफ म्हणून ओळखले जाते. त्याच वर्षी त्यांनी बोटांच्या ठशांचे नऊ प्रकार वर्णन केले. नुसती व्याख्याने देण्यापेक्षा विद्यार्थ्यांनी हाताने करून पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी ते प्रयोगशाळा मागत राहिले आणि अर्ज पडून राहिले. संसारातही दुःख आले. 1832 मध्ये पटकीच्या साथीत दोन मुली गेल्या आणि तीन वर्षांनी पत्नी यूलिया यांचेही निधन झाले. दोन लहान मुलगे पदरात होते. तरीही राहत्या घरी सूक्ष्मदर्शक मांडून त्यांनी काम चालू ठेवले. 1837 मध्ये त्यांनी लहान मेंदूतील मोठ्या पेशींचे वर्णन केले, त्या पुरकिंजे पेशी. 1839 मध्ये हृदयातील तंतूंचे वर्णन केले. याच तंतूंवाटे हृदयाच्या ठोक्याचा विजेचा संदेश पसरतो, हे पुढे सिद्ध झाले. त्याच वर्षी, नेमणुकीनंतर तब्बल सोळा वर्षांनी, त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली.

आता त्यांच्या आयुष्यातील जो भाग आम्हांला सर्वांत जवळचा वाटतो तो सांगतो. पुर्किन्ये यांनी लॅटिनमध्ये आणि जर्मनमध्ये ग्रंथ लिहिले. त्यांना अनेक भाषा येत होत्या. पण चेक ही गड्यांची आणि स्वयंपाकघराची भाषा, तिच्यात शास्त्र कसले, असे त्या काळी खुशाल म्हटले जाई. ते त्यांना मान्य नव्हते. शिलर या जर्मन कवीच्या कविता त्यांनी चेकमध्ये आणल्या. 1850 मध्ये ते प्रागला परतले आणि 1853 मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी 'झिवा' हे विज्ञानाचे नियतकालिक चेक भाषेत सुरू केले. मधल्या काळात खंड पडले, पण ते आजही निघते. 28 जुलै 1869 रोजी प्राग येथे त्यांचे निधन झाले.

पुढे काय झाले? 1865 मध्ये स्वीडनच्या होल्मग्रेन यांना आढळले की प्रकाश पडला की डोळ्यात विजेचा बदल होतो. त्यावरूनच दृष्टिपटलाची विद्युत तपासणी आली, ती आज मोठ्या नेत्र रुग्णालयांत होते. काही आजारांत प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरतात, पण इतर काही पेशी शिल्लक राहतात. अशा रुग्णांसाठी दृष्टिपटलावर बसवायचे 60 विद्युत अग्रांचे यंत्र तयार झाले आणि 2013 मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. त्यामुळे दार, खिडकी, माणसाची हालचाल यांचा अंदाज येई. पुढे त्याचे उत्पादन बंद पडले. संशोधन मात्र थांबलेले नाही.

पालक आम्हांला नेहमी विचारतात की, मराठीत शिकून मूल विज्ञानात मागे तर पडणार नाही ना? आपण सीमेवरची माणसे. घरी मराठी किंवा कोकणी, बाजारात कन्नड आणि पुढच्या शिक्षणाला इंग्रजी, हे आपल्या मुलांच्या वाट्याला येणारच. पुर्किन्ये यांच्याही वाट्याला तेच आले होते. त्यांनी परक्या भाषा मन लावून शिकल्या आणि मिळालेले ज्ञान आपल्या भाषेत परत आणले. आमचे उत्तरही हेच आहे.

विश्वस्त मंडळींना एकच विनंती. शाळेतील विज्ञानाची साधने कपाटात न राहता मुलांच्या हाती येऊ द्यावीत. सोळा वर्षे वाट पाहण्याची पाळी आपल्या मुलांवर येऊ नये.

आणि मुलांनो, जास्वंद आणि गोकर्ण यांचा प्रयोग करून काय दिसले ते स्वतःच्या शब्दांत, मराठीत लिहून वर्गशिक्षकांकडे द्या. निवडक नोंदी पुढील अंकात छापू.