डॉ. मारिया माँटेसरी: मागे राहिलेल्या बालकांची माउली

बालवाड्यांच्या पाट्यांवर माँटेसरी हे नाव आपण पुष्कळदा वाचतो. परंतु या कॅथलिक विदुषीच्या कार्याचा प्रारंभ मतिमंद म्हणून दूर सारलेल्या बालकांपासून झाला, हे थोड्यांनाच ठाऊक आहे.

३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीत जन्मलेल्या मारिया १८९६ मध्ये रोम येथे डॉक्टर झाल्या. तेथील मनोरुग्णालयात कोंडलेली मुले त्यांनी पाहिली. या मुलांना औषधापेक्षा शिक्षणाची गरज अधिक आहे, हे त्यांनी ओळखले. इतार व सेगँ या फ्रेंच वैद्यांचे ग्रंथ अभ्यासून त्यांनी हात, डोळे व कान यांना वळण लावणारी साधने वापरली. १९०० मध्ये रोममधील विशेष शाळेची धुरा त्यांच्याकडे आली. तेथील काही मुले लिहू-वाचू लागली व सर्वसामान्य मुलांच्या परीक्षेतही उतरली. ६ जानेवारी १९०७ रोजी, प्रकटीकरणाच्या सणादिवशी, हीच पद्धत सान लोरेंझोच्या गरीब वस्तीत पोहोचली.

१९३९ मध्ये त्या भारतात आल्या. महायुद्धामुळे १९४० मध्ये त्यांचे पुत्र मारिओ आपल्या अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील छावणीत स्थानबद्ध झाले. आईच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या सुमारास त्यांची सुटका झाली. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये मारिया प्रभूवासी झाल्या.

मूल वेळेवर बसत नसेल, हाकेला वळत नसेल, बोलत नसेल, तर वाट पाहू नये. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत व शाळेत मोफत तपासणी होते. लाजेपोटी मूल लपविण्याऐवजी ते तेथे नेऊ या. बालकांना जवळ घेणाऱ्या प्रभूची हीच खरी सेवा होय.