हॅरी बॅस : सोन्याहून ठसा मोलाचा मानणारा संग्राहक

प्लेनो : सोन्याच्या नाण्याचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे त्यातले सोनेच. शिवकालीन होन आज अत्यंत दुर्मीळ आहेत. अमेरिकेच्या आरंभीच्या सुवर्णनाण्यांचीही गत फारशी वेगळी नाही. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत ती १७९५ पासून पडू लागली. १८३४ च्या कायद्याने नव्या नाण्यांतील सोने घटवले. त्यामुळे जुनी नाणी दर्शनी किमतीहून मोलाची ठरली आणि त्यांतली बहुसंख्य मुशीत गेली.

जी वाचली, त्यांच्या अभ्यासाला प्लेनोशेजारच्या डॅलसमधील हॅरी बॅस (१९२७–१९९८) यांनी आयुष्याची तीन दशके दिली. ओक्लाहोमात जन्मलेले बॅस दुसऱ्या महायुद्धात नौदलात होते. पुढे ते घरच्या तेलव्यवसायात शिरले आणि कोलोरॅडोतील व्हेल या स्कीइंग केंद्राच्या उभारणीतही त्यांनी मोठा वाटा उचलला. नाण्यांचा नाद लागला तो १९६० च्या दशकात.

इतर संग्राहक प्रत्येक वर्षाचे एक नाणे मिळाले की समाधान मानत. बॅस मात्र एकाच वर्षाची अनेक नाणी घेत. त्या काळी ठसे हातानेच पूर्ण केले जात. त्यामुळे एका ठशातील तारे, अंक, अक्षरे दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नसत. वापराने ठशाला तडा गेला, की तो तडाही नाण्यावर उमटे. या खुणांवरून कोणते नाणे आधी पडले, कोणते नंतर, हे उलगडता येई. जिथे टांकसाळीची दप्तरे मुकी होती, तिथे नाणीच साक्ष देत. बॅस यांनी ती साक्ष बारकाईने टिपून ठेवली. १९७८ ते १९८४ या काळात ते न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचे अध्यक्षही होते.

त्यांच्या पश्चात संग्रहाचा मोठा भाग लिलावात गेला. निवडक नाणी कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या संग्रहालयात सुमारे दोन दशके मांडलेली होती. २०२२ पासून तीही विकली जाऊ लागली. सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचे १८७० सालचे, संग्राहकांना ज्ञात असलेले एकमेव तीन डॉलरचे नाणे २०२३ मध्ये ५५ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. या विक्रीचा पैसा बॅस यांच्या प्रतिष्ठानामार्फत डॅलस परिसरातील सेवाभावी संस्थांसाठी राखण्यात आला.

नाणी अशी पुन्हा अनेक हातांत विखुरली. टिपणे मात्र एकत्र राहिली. त्यांच्या आधारे जॉन डॅनरॉयथर यांनी सिद्ध केलेला, १७९५ ते १८३४ या काळातील सुवर्णनाण्यांच्या ठशांवरील ग्रंथ २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. बॅस यांच्या तिजोरीतले एकही नाणे ज्याच्या वाट्याला येणार नाही, त्या अभ्यासकालाही तो आज उपलब्ध आहे.