चुकून ‘गुप्तहेर’ झालेला विनोदवीर! कोण होते जॉर्ज फॉर्म्बी?

युद्धकाळातील ब्लॅकआउटच्या अंधारात एक साधाभोळा कलाकार चुकीच्या बोटीत चढतो. जायचे असते ब्लॅकपूलला, पोहोचतो नॉर्वेतील बर्गनला आणि तिथे सगळे त्याला ब्रिटिश गुप्तहेर समजतात! १९४० च्या ‘लेट जॉर्ज डू इट!’ या धमाल चित्रपटाची ही गोष्ट. त्याचे नायक जॉर्ज फॉर्म्बी हे तेव्हा ब्रिटनमधील सर्वांत लोकप्रिय कलाकारांपैकी एक होते.

घोड्यावरून रंगमंचावर

जन्म २६ मे १९०४, लँकेशायरमधील विगन. वडीलही नावाजलेले विनोदी कलाकार. पण मुलाने या क्षेत्रात येऊ नये म्हणून त्यांनी त्याला लहानपणीच जॉकी व्हायला पाठवले. त्यामुळे शिक्षण राहून गेले. १९२१ मध्ये वडील वारले आणि जॉर्ज रंगमंचावर आले. १९२४ मध्ये बेरिल यांच्याशी लग्न झाले. पुढे त्यांचा सगळा व्यवहार बेरिल यांनीच सांभाळला. बँजो-युकुलेली आणि चावट गाणी ही जॉर्ज यांची ओळख बनली.

चित्रपट का गाजला?

बर्गनमधील एक बँडप्रमुख रेडिओवरच्या संगीतातून ब्रिटिश जहाजांची माहिती जर्मन पाणबुड्यांना पुरवत असतो. हे बिंग फोडायची जबाबदारी जॉर्जवर येते. एका स्वप्नदृश्यात तर तो थेट हिटलरला ठोसे लगावतो. प्रत्यक्षात चित्रपट येईपर्यंत नॉर्वे आणि फ्रान्स दोन्ही जर्मनीच्या ताब्यात गेले होते. धास्तावलेल्या प्रेक्षकांना तो ठोसा हवाच होता.

पडद्याबाहेर काय केले?

युद्धकाळात फॉर्म्बी दाम्पत्याने सैनिकांसाठी ठिकठिकाणी कार्यक्रम केले. १९४४ मध्ये ते नॉर्मंडीच्या आघाडीवरही गेले. सुमारे ३० लाख सैनिकांनी त्यांचे कार्यक्रम पाहिल्याचा अंदाज आहे.

खरी कसोटी १९४६ मध्ये लागली. दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यात केवळ गोऱ्यांसाठी राखीव ठिकाणी कार्यक्रम करायला दोघांनी नकार दिला आणि कृष्णवर्णीय प्रेक्षकांसमोर कला सादर केली. नॅशनल पार्टीचे नेते डॅनियल मलान यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. दोनच वर्षांनी मलान पंतप्रधान झाले आणि वर्णभेद हे सरकारी धोरण बनले.

६ मार्च १९६१ रोजी हृदयविकाराने फॉर्म्बी यांचे निधन झाले. अंत्ययात्रेला प्रचंड गर्दी लोटली. पडद्यावर ते कायम गोंधळलेले दिसले. पण कुठे ठाम उभे राहायचे, याबाबत त्यांचा गोंधळ झाला नाही.