केडगावच्या अंध मुली आणि पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. कमी ऐकू येत असल्याने तो मार्ग बंद झाला. दुष्काळात आईवडील गमावलेल्या रमाबाईंनी १८९७ साली मध्य प्रांतातल्या दुष्काळग्रस्त मुली आणल्या आणि दौंडजवळ केडगावला त्यांना आसरा दिला. उपासमारीत शरीरातले ‘अ’ जीवनसत्त्व संपते. आधी रातांधळेपणा येतो (संध्याकाळी ठेचकाळणारे मूल आजही लगेच दवाखान्यात न्यावे), मग बुबुळ कोरडे पडते. त्यात गोवर झाला तर काही दिवसांत नजर जाते. हे जीवनसत्त्व सापडले १९१३ च्या सुमारास. तोवरही पोटभर सकस अन्न हा एक उपाय होता. नजर गेलेल्या मुलींसाठी रमाबाईंनी केडगावात वेगळे सदन काढले. तिथे मुली बोटांनी ब्रेल वाचू लागल्या.