फवारणीला जाब विचारणारी विदुषी
अमेरिकी सागरी जीवशास्त्रज्ञ रेचेल कार्सन (१९०७–१९६४) यांनी १९६२ साली ‘सायलेंट स्प्रिंग’ हा ग्रंथ लिहून कीटकनाशकांच्या बेसुमार फवारणीला जाब विचारला. एल्म वृक्षांवरील भुंगेऱ्यांसाठी फवारलेले डीडीटी गळलेल्या पानांतून गांडुळांत आणि गांडुळांतून रॉबिन पक्ष्यांत उतरते. तगलेली कीड मात्र पुढे विषाला दादच देत नाही, हे त्यांनी पुराव्यानिशी दाखविले. रसायन उद्योग खवळला. कीटकनाशके मुळीच वापरू नयेत, असे बाईंचे म्हणणे कधीच नव्हते. टीकाकारांनी नेमके तेच त्यांच्या तोंडी घातले. जडलेला कर्करोग जगापासून लपवून त्यांनी १९६३ मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. पुढल्याच एप्रिलमध्ये त्या निवर्तल्या. अमेरिकेत शेतीतील डीडीटीवर बंदी आली ती १९७२ साली. भारतात त्यासाठी १९८९ साल उजाडले.